खोकला

मी पवनीकडची, भाताची.
लग्न होऊन आर्वी रस्त्यावर आले
तर इथे उपड्या मडक्यावर हातभर रोटी पसरणारी सासू
आणि चार बाकांचं हॉटेल.
नाव काही नव्हतं. पाटीवर नुसतं 'जेवण आहे',
संपलं की सासरे पाटी उलटी करायचे.

पहिलं वर्ष सांभार निवडण्यात गेलं,
मग कांदे, मग पाट्यावरची खसखस.
चुलीकडे यायचं नाही.
मसाला किती, विचारलं तर म्हणाल्या,
"नाकाले इचार. हाताले काय समजते."

सुंठ, दगडफूल, जायपत्री, भाजलेलं खोबरं,
आणि कांदा: काळा हवा, जळका नको.
या दोन शब्दांमधली जागा फार अरुंद.
त्या तिथे वीस वर्षं उभ्या होत्या.

मग तो ताप आला. पंधरा दिवस.
उठल्या, पदर खोचला, कढई ठेवली.
बुधवार, बाजाराचा.
बाहेर जिनिंगचे हमाल रिकामी ताटं वाजवत होते.
मी दारातून पाहिलं,
मसाल्यातून निळा धूर निघतोय
आणि त्या शांत उभ्या,
बस यायला अजून वेळ आहे अशा.

मी बोलले नाही काही.
धूर घशात गेला, खोकले.
त्यांनी कढई उतरवली.
माझ्याकडे पाहिलं नाही.
रस्सा कडू झाला होता. मसरामभाऊंनी तरी
दोन वाट्या मागून घेतल्या, भूक होती म्हणून.

दुसऱ्या दिवशी चुलीजवळ
माझ्यासाठी पाट मांडलेला.

तेव्हापासून
कांदा काळा झाला की मी एकदा खोकायची,
खोबऱ्याला तेल सुटलं की दोनदा.
पातोडीच्या बेसनाचा कच्चा वास गेला
की उगाच एखादं भांडं सरकवायची.
ठरवलं नव्हतं कुणीच.

सासऱ्यांनी मला दोनदा दवाखान्यात नेलं.
डॉक्टरांनी छाती तपासली, पिवळं औषध दिलं.
सासू म्हणाल्या, "पोरीची छाती नाजूक हाय."
मी ते औषध घेतलं. बाटली संपेपर्यंत.

लांजेवार कंडक्टरची गाडी सात मिनिटं थांबते.
तो उभ्यानंच तर्री प्यायचा,
कपाळावरचा घाम तिकिटांच्या हातानं पुसत म्हणायचा,
"काकू, तुमच्या हाताले तोड नाही."
"हाव," त्या म्हणायच्या,
आणि रोटीचा मधला, मऊ भाग
माझ्या ताटात टाकायच्या.

रात्री त्या जेवायच्या तेव्हा मी तिकडे पाहायची नाही.
वरून मीठ, वरून तिखट, कच्चा कांदा,
तरी घास तोंडात फिरवत राहायच्या,
दुसऱ्याच कुलपाच्या किल्लीसारखा.

एकदा फक्त विचारलं, अंधारात, भांडी घासताना,
"सांभाराचा वास कसा असते व?"
मला सांगता येईना.
"ओला," म्हटलं.
बराच वेळ त्या राखेनं तेच पातेलं घासत राहिल्या.

परवा कांदा काळा झाला. मी खोकले.
त्या हलल्या नाहीत.
मी पुन्हा खोकले.
"आयकू आलं," म्हणाल्या, आणि उलथणं माझ्या हातात दिलं.
"आता खोकू नको. तूच उतरव."
पदराला हात पुसले
आणि गल्ल्यावर जाऊन बसल्या,
सासऱ्यांना सरका म्हणून.

मी घाबरले. लवकर उतरवली.
लांजेवार जेवला, बोट चाटलं,
थोडा थांबला.
"काय व काकू, मसाला आज कच्चा राह्यला वाट्टे."

सुटे पैसे मोजता मोजता
मान वर न करता
त्या म्हणाल्या,
"वय झालं नं बाप्पा माहं."